रशीदमामांची कुलपं

कामासाठी कुणाच्या घरी गेले की रशीदमामा आत जात नसत. फाटकापाशी थांबायचे, खाकरायचे आणि घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत आभाळाकडे बघत राहायचे. माणूस बाहेर आलं की म्हणे, "या मामा, चहा घ्या." मामांचं उत्तर ठरलेलं असे. "आधी काम. चहा मागनं."

ऐकायला हे साधं वाटतं. पण शिरूर-दौंडकडच्या गावांत दारात आलेला माणूस चहाला नाही म्हणून उन्हात उभा राहिला, तर घरातल्यांची मोठी पंचाईत होते. शेजारी बघायला लागतात. सासू आतून विचारते, कोण आलंय, आणि अजून बाहेरच का. मामा या पंचाइतीवर जगत. आम्हाला दारापुढे खांब रोवायला परवानगी हवी असे. घरमालक म्हणे, विचार करून सांगतो. मामा म्हणत, करा की, आणि तिथंच उभे राहत. आतून कप यायचा, त्यावर साय धरायची, मामा कपाकडे पाहून हात जोडायचे. शेवटी घरमालक खांबाला हो म्हणायचा, तो इंटरनेटसाठी की चहा एकदाचा संपावा म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

मी तेव्हा नोकरीला नवी होते. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या आठ गावांनी मिळून ब्रॉडबँडची सहकारी संस्था काढली होती. काही गावं शिरूर तालुक्यातली, काही दौंडमधली. कारेगावच्या कारखान्यांपर्यंत फायबर केव्हाच आली होती, पण तिथून पुढे आणायला कुठली कंपनी तयार नव्हती. नदीच्या अलीकडची गावं मागायला गेली तर ग्राहक कमी पडत, पलीकडची गेली तर अंतर जास्त होई. दोन्ही काठ एकत्र गेले तेव्हा कुठे एक कंपनी मुख्य जोडणी द्यायला कबूल झाली, तेही एका अटीवर. आठही गावं टिकली पाहिजेत. एक जरी गळालं तरी जोडणी कुणालाच नाही.

या जाळ्याचा नकाशा काढायला त्या कंपनीनं मला पाठवलं होतं. माझी शाळा पुण्यातली, इंग्रजी माध्यमाची. मराठी आईशी बोलण्यापुरतं बरं होतं, पण चार अनोळखी माणसं समोर आली की ते कुठे तरी निघून जाई. संस्थेनं मला मामांच्या मोपेडवर मागे बसवून दिलं. मामा संस्थेचे संपर्क अधिकारी. हे पद त्यांनी स्वतःच सुचवलं होतं आणि स्वतःच स्वीकारलं होतं. मेंदीनं लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा, कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा. मोपेडचा हॉर्न बंद होता, म्हणून वळणावर मामा स्वतःच "हो, हो, हो" असे ओरडत. दुरुस्त का करत नाही, असं मी एकदा हळूच विचारलं. ते म्हणाले, "हॉर्नला माणूस वळखत न्हाई. मला वळखत्यात."

माझ्या गप्प बसण्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला. पहिल्या दिवशी त्यांना माझी काळजी वाटली असावी, कारण वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना. पण पुढच्या घरी मी बोलत नाही म्हणून घरमालकच चुळबुळ करू लागला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर ते माझी ओळख करून देताना आवाज खाली आणत. "ह्या म्याडम पुन्यावरनं आल्यात. बोलत न्हाईत. नुसतं लिहून घेत्यात." मी लॅपटॉप उघडून पडद्याकडे बघत बसायचे. एका घरी त्या पडद्यावर बॅटरी संपल्याची सूचना होती. त्या माणसानं दोन खांबांना परवानगी दिली.

परत येताना मामा म्हणाले, "तुमी अशाच ऱ्हावा. बोलायला शिकू नका."

मामांनी उमेदीची सगळी वर्षं नदीपलीकडच्या उपसा सिंचन योजनेवर पाटकरी म्हणून काढली होती. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीप्रमाणे शेताशेताला सोडणारा माणूस. राहायला ते अलीकडे, पिंपळमळ्यात. रोज पूल ओलांडून पलीकडे जायचं, दारं उघडायची, दारं बंद करायची. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना पाण्याच्या हिशेबानंच समजे. फायबर नदीवरून नेताना पुलाला चढ आहे म्हणून ते अस्वस्थ झाले होते. प्रकाशाला चढ-उतार नसतो, हे मी त्यांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं, छान काढलंय म्हणाले, आणि मजुरांना सांगून आले की जमेल तेवढी उतारानं घ्या.

पण खरा घोटाळा झाला तो संस्थेच्या सभेत.

सभा पिंपळमळ्याच्या डेअरीत होती. पिंपळमळा हे आमच्या लाइनीवरचं पहिलं गाव, म्हणून माझी योजना तिथून सुरू होत होती. लाइन जसजशी पुढे जाईल तसतशी वाटेतल्या घरांना जोडण्या द्यायच्या. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. चेअरमन अप्पा पाटसकडच्या साखर कारखान्याच्या सभांत मुरलेले, मंजूर म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून लवणवाडीची एक बाई उठली. लवणवाडी म्हणजे नदीपलीकडचं, अगदी शेवटचं गाव. तिनं एवढंच विचारलं, "पान्यावानीच का हे बी?"

मला वाटलं तिला तांत्रिक शंका आहे. मी उत्तर जुळवू लागले, तोवर शेजारच्या माणसानं मला हलक्या आवाजात सांगितलं की सिंचन योजनेचा पाट लवणवाडीच्या लोकांनी स्वतः राबून खणला होता आणि त्यातून त्यांच्यापर्यंत पाणी जवळजवळ कधी आलंच नाही. वरची शेतं पिऊन टाकायची.

मामा उठले. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "शेपटापासनं द्यायचं. आधी लवणवाडी. मग मागं मागं येत पिंपळमळा. लवणवाडीत लागल्याबिगार मधी कुठंबी चालू करायचं न्हाई."

पाणीवाल्या माणसांना हे लगेच कळलं. पाळीचा तो जुनाच नियम होता, आधी शेवटच्या शेताला, मग वर वर. कळलं नाही ते मला एकटीला. मी त्या दिवशी सभेत पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले. म्हटलं, हे पाण्यासारखं नाही, वरच्यानं वापरलं म्हणून खालच्याचं कमी होणार नाही, सगळ्यांना पुरेल अशीच आखणी केली आहे.

मामा आदरानं म्हणाले, "म्याडम, कागदावर पानीबी सगळ्यान्ला पुरत हुतं."

ठराव झाला. म्हणजे फायबर सात गावांच्या दारांवरून जाणार आणि सातही गावं कोरडी बसणार, असा तो ठराव होता. मी तो इंग्रजीत भाषांतर करून कंपनीतल्या माझ्या साहेबांना पाठवला तेव्हा त्यांनी उलट विचारलं, टायपिंगची चूक झाली आहे का?

मामा एवढ्यावर थांबले नाहीत. सिंचन योजना कधीच बंद पडली होती, पण पाटाच्या दारांची कुलपं त्यांनी घरी पोत्यात जपून ठेवली होती. पितळी, तळहाताएवढी. लाइन जशी पुढे सरकू लागली तसे ते मागून येत आणि खांबावरच्या प्रत्येक डब्याला एकेक कुलूप घालत. डबे प्लास्टिकचे. पहिलाच डबा कुलपाच्या वजनानं वाकडा झाला, दुसरा निखळून एका शेळीच्या पुढ्यात पडला. मग मामांनी प्रत्येक डब्याला तारेचा आधार दिला. मी त्यांना समजावलं की आतल्या तारा जोडलेल्याच नाहीत, कुलूप नसलं तरी कुणाला काही मिळणार नाही.

ते म्हणाले, "ते तुमाला ठावं, मला ठावं. गावाला दिसाय पायजे."

सगळ्यात आधी लावलेलं कुलूप त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर होतं. पिंपळमळ्यातला पहिला डबा तिथंच येत होता. त्याखाली बसून मामी भाजी निवडत. मामींच्या मुलीला सोलापुरात मुलगी झाली होती. त्या नातीचं तोंड मामींनी अजून नीट पाहिलं नव्हतं. रेंजसाठी गच्चीवर जाऊन हात उंच करून उभं राहावं लागे. तिथं आवाज येई, चित्र मात्र थिजलेलं, अर्धा गाल नि एक कान. मामींनी त्या कानावरून नात कुणासारखी आहे ते ठरवून टाकलं होतं. मामा दिसले की त्या कुलपाकडे बघून मला म्हणत, "बघ पोरी. घरात हिरीचं पानी आन् ह्यान्ला पायजे गावानं पेल्यावर." मामा ऐकू न आल्यासारखं करून दाढीवरून हात फिरवत.

लाइन पूल ओलांडून दौंडच्या बाजूला उतरली आणि खंडूआबांच्या रानाशी येऊन थांबली. त्या रानातून चर खणल्याशिवाय लवणवाडीला पोचता येत नव्हतं. रस्त्यानं वळसा घ्यावा तर मध्ये ओढ्याचं खडकाळ पात्र. आबा ऐंशीच्या घरातले, काटक, आणि मामांना 'पाटकरी' या एकाच नावानं हाक मारणारे. त्यांनी नाही म्हटलं, आणि विचार करून सांगतो असंही म्हटलं नाही.

मामा नेहमीसारखे बांधावर उभे राहिले. आबांच्या घरच्या काकूंनी चहा आणला. मामा म्हणाले, आधी काम. आबा म्हणाले, "मग ऱ्हा हुबा." आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.

मामांचं हत्यार इथं चाललं नाही. ते एकाआड एक दिवस जात राहिले. मी बरोबर असायचे, लॅपटॉप उघडून. आबांवर त्याचाही परिणाम झाला नाही. एकदा त्यांनी माझ्याजवळ येऊन पडद्यात डोकावून पाहिलं आणि "ह्यात काय दिसंना की" एवढंच म्हणाले. ते खरं होतं.

शेवटी एके दिवशी आबाच बोलले. बांधावर टेकून, मामांकडे न बघता. "पाटकऱ्या, माझ्या दाराला तू कुलूप घातलंस. का, तर शेपटाला पानी जाऊ दे. मी म्हनलं जाऊ दे. वरच्यांनी पहारीनं कुलपं तोडली, रातभर पेले. लवणवाडीला पोचलं न्हाई, मला मिळालं न्हाई. ऊस जळला. कुलूप मानलं कुणी, तर मी. येडा मीच. आन् आता वरचं गाव तर तुझंच हाय."

मामा बांधावरून उतरले. मोपेडवर बसले. वळणावर ओरडायचंही विसरले, आणि आम्ही एका बैलगाडीला थोडक्यात चुकलो.

इकडे अलीकडची गावं कंटाळली होती. दारावरून तार गेलेली दिसायची आणि मोबाइल घेऊन टेकाडावर जावं लागायचं. कारेगावला कारखान्यात जाणारी पोरं मामांना बसथांब्यावर चिडवत, "मामा, चावी इकताय का?" चेअरमन अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पिंपळमळ्याची मंडळी वेगळं व्हायचं म्हणतायत, महिनाअखेर ठराव येईल. पहिलंच गाव गळालं तर आठही गावांचं बुडणार होतं. मामांनी कुलूप काढावं, निदान आपल्या गावाचं, असं तुम्ही त्यांना सांगा, अप्पा म्हणाले. मी हो म्हटलं. पण मला ते सांगवेना. मामा पोत्यातल्या उरलेल्या कुलपांना तेल देत बसले होते.

त्या आठवड्यात एका दुपारी मी मामांच्या घरी जेवत होते. मामा नदीकडे गेले होते. फाटकाशी कुणी तरी खाकरलं. मामी बाहेर गेल्या, मागून मी. खंडूआबा उभे होते, धोतर खोचलेलं, चपला हातात. पूल ओलांडून चालत आले होते. त्यांनी ना नमस्कार केला ना काही. म्हणाले, "रशीदच्या घरात इंटरनेट कवा चालू झालं?"

मामींनी त्यांना ओळखलं नाही. त्यांना वाटलं गावातलाच कुणी तरी म्हातारा टोमणा मारायला आला. मग मामींनी जे सुरू केलं ते मला सगळं लिहिता येणार नाही, कारण त्यातलं निम्मं घरच्या हिंदीत होतं. थोडक्यात असं, की हे बघा कुलूप. बघा, हात लावून बघा. भाजी निवडताना डोक्यावर लटकतंय. सोलापुरात नात रांगायला लागली, मी अजून तिचा एकच कान बघितलाय. पलीकडं कोन म्हातारा हाय, रान देत न्हाई, आन् हे येडं त्याच्या बांधावर रोज हुबं ऱ्हातंय, घरी येऊन जेवत न्हाई धड.

आबांनी खरंच जवळ येऊन कुलपाला हात लावला. उचलून पाहिलं. उलटं केलं. वजनानं ओळखलं असावं. त्यावर गंजाचा एकही डाग नव्हता, आणि पहारीचा ओरखडाही.

"हेच की," ते स्वतःशी म्हणाले.

मामींचा राग आता उतरला होता. म्हातारं माणूस उन्हातून आलंय हे त्यांच्या ध्यानात आलं. बसा, चहा टाकते, म्हणाल्या.

आबांनी कुलूप सोडलं. ते भिंतीवर आपटून वाजलं. "आधी काम," ते म्हणाले. "चहा मागनं." आणि चपला हातात घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आबांनी चराची रेघ स्वतःच कुदळीनं आखून ठेवली होती. ती माझ्या नकाशातल्या रेघेपासून बरीच लांब, त्यांच्या लिंबाच्या झाडांना वळसा घालून जात होती. मी नकाशा बदलला. मामांना मी आदल्या दिवशीचं काही सांगितलं नव्हतं. मामींनीही सांगितलं नसावं, कारण मामा पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होते की शेवटी उभं राहण्यानंच काम झालं.

लवणवाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात फायबरचं टोक पोचलं तेव्हा पुलापाशी थांबलेल्या माणसाला आम्ही तपासणीचा लाल दिवा लावायला सांगितला. काचेच्या केसासारख्या त्या टोकावर लाल ठिपका उमटला. सभेत प्रश्न विचारणारी बाई समोरच होती. मामांनी पुढे होऊन त्या ठिपक्याखाली ओंजळ धरली. ह्याच्याखाली काही धरावं लागत नाही, असं मी म्हणणार होते. पण त्या बाईनंही आपला हात त्यांच्या हाताखाली धरला होता. मी गप्प बसले. मला ते येतंच.

त्यानंतर जोडण्या सुरू झाल्या, आणि मामा चाव्यांचा जुडगा घेऊन एकेक कुलूप काढत मागे मागे आले. आधी लवणवाडीचं, मग आबांचं. आबांच्या ओट्यावर ते पहिल्यांदा बसले. काकूंनी आतूनच विचारलं, "आजचाच आनू, का मागचे सगळे?" मामा तीन कप प्याले. मग पूल, मग अलीकडची गावं. पिंपळमळ्याच्या वेगळं होण्याच्या ठरावाचं पुढे कुणी नाव काढलं नाही. घरबसल्या मोबाइल चालायला लागल्यावर ठराव करायला आता सवड कुणाला होती.

शेवटचं कुलूप त्यांच्याच घरचं. मामा आपल्याच फाटकापाशी थांबले, खाकरले आणि आभाळाकडे बघत राहिले. मामी बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी थोडा वेळ हे ध्यान पाहिलं. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. मामांनी कुलपाकडे बघत नाही म्हणून मान हलवली. मी हसू लपवायला लॅपटॉप उघडला.

नंतर माझी बदली झाली. जायच्या आधी कागद द्यायला म्हणून मी एका सकाळी पिंपळमळ्याला गेले. वायफायची पेटी मामांनी छताला लागून बसवून घेतली होती, म्हणजे खाली उतारानं येईल. ती घरभर नीट चालत होती. तरी मामी गच्चीवर होत्या. कठड्याला टेकून, फोन धरलेला हात सवयीनं उंच केलेला, सोलापूरच्या नातीशी जोरजोरात बोलत. मामा अंगणातून ओरडून सांगत होते की खाली ये, आता खालीबी दिसतं. मामींनी वरूनच हात झटकला. हितं स्वच्छ दिसतं, म्हणाल्या.

मामा आत गेले. थोड्या वेळानं दोन कप घेऊन बाहेर आले आणि जिना चढू लागले, पायजम्याची इस्त्री सांभाळत, एकेक पायरी. मी मोटारीत बसले तेव्हा ते गच्चीवर मामींच्या मागे उभे होते. मामींच्या कपावर त्यांनी बशी झाकली होती. स्वतःचाही कप त्यांनी तोंडाला लावला नव्हता. मामींचं बोलणं चालू होतं आणि मामा आभाळाकडे बघत होते.